मार्गेरिता निवारा

मार्गेरिता निवारा (इटालियन नाव: कापान्ना रेजिना मार्गेरिता) हा इटली-स्वित्झर्लंड सीमेवरील मोंते रोझा पर्वतसमूहातील सिग्नालकुप्पे शिखरावर, ४,५५४ मीटर उंचीवर असलेला गिर्यारोहकांचा निवारा आहे. ही युरोपातील सर्वाधिक उंचीवरील इमारत मानली जाते.

इतिहास
इटालियन आल्पाइन क्लबने उभारलेला मूळ लाकडी निवारा १८९३ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी येथे आलेल्या इटलीच्या राणी मार्गेरिता यांचे नाव त्याला देण्यात आले. सध्याची तांब्याच्या पत्र्याने मढवलेली इमारत १९८० मधील आहे.

संशोधन
येथील हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या ६० टक्क्यांहून कमी असतो. विरळ हवेचा शरीरावर होणारा परिणाम तूरिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी येथे अभ्यासला. अतिउंचीवर फुफ्फुसांत पाणी साचण्यास निफेडिपिन हे औषध प्रतिबंध करू शकते, हे दाखवणारे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधनही येथेच झाले.

चढाई
इटलीच्या बाजूने येणारे गिर्यारोहक बहुधा ३,६४७ मीटरवरील न्यिफेत्ती निवाऱ्यात मुक्काम करतात. पुढील वाट भेगाळलेल्या हिमनदीवरून जात असल्याने दोर व क्रॅम्पॉन आवश्यक असतात. निवाऱ्यात पोहोचल्यावरही धोका टळत नाही. डोकेदुखी, मळमळ, धाप ही लक्षणे बळावल्यास त्वरित खाली उतरणे हाच प्रमुख उपाय ठरतो.