एकरी एक पौंड

परमुलुखात जाऊन जमीनजुमला केलेल्या माणसांच्या कहाण्या आपण कौतुकाने ऐकतो. त्या जमिनीचा कागद कसा झाला, हे क्वचितच विचारतो. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत तो प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

१७८८ साली न्यू साउथ वेल्स येथे इंग्रजांची वसाहत झाली. आरंभी गव्हर्नर जमिनी फुकट बहाल करीत. १८३१ मध्ये ती प्रथा थांबून लिलाव सुरू झाले. तथापि लोकरीचा व्यापार वाढताच मेंढरांच्या धनिक मालकांनी सरकारी हद्दीपलीकडची विस्तीर्ण कुरणे परवानगीवाचून अडविली. त्यांना ‘स्क्वॉटर’ म्हणत. १८४७ च्या राजाज्ञेने त्यांना दीर्घ मुदतीचे भाडेपट्टेही मिळाले. १८५१ नंतर सोन्यापायी आलेली माणसे पुढे शेतीसाठी जमीन मागू लागली, तेव्हा चांगली कुरणे मेंढरांखाली गेली होती.

या कोंडीवर जॉन रॉबर्टसन यांनी १८६१ मध्ये कायदे करून घेतले. मोजणी होण्यापूर्वीच कोणालाही ४० ते ३२० एकर सरकारी जमीन निवडता येऊ लागली. ती स्क्वॉटरच्या पट्ट्यातील असली तरी हरकत नव्हती. भाव एकरी १ पौंड, पैकी चौथाई रोख. म्हणजे १० पौंड जवळ असलेला मजूर ४० एकरांचा मालक होण्याची आशा धरू शकत होता. अट एवढीच, की त्याने ३ वर्षे तेथे राहावे व जमीन सुधारावी.

ही अट कुटुंबांनी घाम गाळून पाळली. सालीने शाकारलेली झोपडी, खोडाची साल गोलाकार काढून वाळविलेली झाडे, कुंपण आणि मग पेरणी. दुष्काळ आला की कर्ज, आणि कर्ज फिटले नाही की जमीन पुन्हा स्क्वॉटरकडे. शिवाय पैसेवाल्यांनी पळवाटा शोधल्याच. नोकरांच्या नावे अर्ज भरले गेले. नदीकाठचे व पाणवठ्याचे तुकडे तेवढे उचलले की भोवतालची कोरडी जमीन इतरांना निरुपयोगी होई. व्हिक्टोरियात आयर्लंडहून आलेले कॅथोलिक पुढारी चार्ल्स गॅव्हन डफी यांनी गरिबांसाठी आणलेल्या १८६२ च्या कायद्याचीही हीच गत झाली.

पण या साऱ्या हिशेबात एक पक्षकार कोठेच नव्हता. जमीन बेवारस आहे, असे गृहीत धरूनच सरकारने ती विकली. हजारो वर्षे तेथे नांदणाऱ्या आदिवासींना त्या पौंडातील एक शिलिंगही पोहोचला नाही. १९९२ मध्ये माबो खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे गृहीतक फेटाळले व मूळ रहिवाशांचा हक्क मान्य केला. मात्र जेथे सरकारने पूर्वीच पूर्ण खासगी मालकी दिली होती, तेथे तो हक्क संपुष्टात आल्याचेही त्याच निकालाने ठरले.

सातबाऱ्यावर नाव लागण्याचे मोल आमच्या शेतकरी वाचकांना सांगायला नको. त्या स्थलांतरितांचे कष्ट खरे होते आणि अन्यायही खरा होता. गरिबाला जमीन देणारा कायदा चांगलाच. पण ती कोणाकडून घेऊन दिली, हे नोंदविल्यावाचून त्याचा इतिहास पुरा होत नाही, असे आम्हांस वाटते.