नांवांची वही

नांवावांचून यंत्राचें अडत नाहीं. त्यास अंक पुरतो. अडतें तें यंत्र चालविणाऱ्या मनुष्याचें. या साध्या भेदांतून केवढा व्याप उत्पन्न झाला, हें संगणकांच्या जाळ्याचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे ध्यानांत येतें.

१९६९ सालीं अमेरिकेंत ‘आर्पानेट’ सुरू झालें तेव्हां त्याचीं ठाणीं चारच होतीं. पुढें ठाणीं वाढलीं, अंक लक्षांत राहीनात, आणि जो तो शेजाऱ्यांच्या नांवांची आपापली यादी ठेवूं लागला. या याद्या एकमेकींशीं जुळत ना. म्हणून १९७४ च्या सुमारास, मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या माहितीकेंद्रानें एकच प्रमाण यादी राखावी असें ठरलें. एलिझाबेथ फाइनलर या कर्तबगार बाईंच्या देखरेखीखालीं हें काम चाले. नवें यंत्र जोडणाऱ्यानें केंद्रास कळवावें आणि इतरांनीं यादी वेळोवेळीं उतरून घ्यावी, असा परिपाठ होता. परंतु जाळें वाढलें तसा केंद्रावरचा भार वाढला, आणि उतरून घेतलेली प्रत शिळी होण्यास वेळ लागेना.

१९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं यावर तोड सुचविली. सर्व नांवें एका ठिकाणीं ठेवण्याचा हट्टच त्यांनीं सोडला. सरकारानें परगण्यास, परगण्यानें गांवास अधिकार द्यावा व प्रत्येक कुलकर्ण्यानें आपल्याच गांवचें दफ्तर राखावें, तसाच हा प्रकार होय. १९८७ सालीं या व्यवस्थेस स्थिर रूप आलें.

जुनी यादी गेली व नवी व्यवस्था आली, असें म्हणून इतिहासकार बहुधा येथेंच थांबतात. हें अर्धसत्य होय. ती यादी ‘होस्ट्स’ या नांवानें लहानशा वहीच्या रूपांत प्रत्येक संगणकांत टिकून राहिली, आणि तिचें खरें मोल पुढें घरोघरीं कळलें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. त्यानंतर कांहीं वर्षांनीं आमच्या घरीं दोन संगणक तारेनें जोडले होते. एकाचें नांव ‘ओसरी’, दुसऱ्याचें ‘माजघर’. बाहेर जाण्याची वाट मात्र ओसरीच्या मॉडेममधून, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून. ओसरीनें माजघराला हांक मारली कीं मॉडेम फोन लावूं लागे! शेजारच्या खोलीचा पत्ता विचारावयास यंत्र गांवाबाहेरच्या दफ्तराकडे धांवे. तेथें तो असणार कोठून? उत्तर मिळेना, वेळ जाई, आणि महिनाअखेर बिल मात्र येई.

उपाय सोपा निघाला. घरगुती जाळ्यांसाठीं राखून ठेवलेल्या १९२.१६८ या मालिकेंतील अंक दोन्ही यंत्रांस दिले, दोघांच्याही वहींत ते नांवांसह लिहिले, आणि आधीं वही पाहावी, तींत न सांपडल्यास मगच बाहेर विचारावें, असा क्रम लावून दिला. त्या दिवसापासून घरच्या हांकेसाठीं फोन लागेनासा झाला.

यावरून वही श्रेष्ठ व दफ्तर कनिष्ठ असें मात्र कोणीं समजूं नये. घरांत तिसरें यंत्र आलें तेव्हां तिन्ही वह्या दुरुस्त कराव्या लागल्या, आणि एकींत अंक चुकलाच. मेन्लो पार्कची अडचण ती हीच. अंतर केवळ प्रमाणाचें. जी व्यवस्था जगास अपुरी पडली तीच घरास पुरली, आणि जी जगास पुरली ती घरांत खर्चाची ठरली. संस्थांचे गुणदोष सांगतांना त्यांच्या आकाराचा विचार आधीं करावा, एवढा धडा या लहानशा वहीपासून इतिहासाच्या अभ्यासकानें घेण्यास हरकत नाहीं.