सोलापुरातील उन्हाळी लग्नसराई

सोलापुरातील उन्हाळी लग्नसराई म्हणजे सोलापूर शहरात व जिल्ह्यात साधारणपणे चैत्र ते ज्येष्ठ (एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध) या काळात होणाऱ्या विवाहांचा हंगाम होय. जिल्ह्यातील बरेच विवाह याच काळात होतात. वर्षातील सर्वाधिक उष्णता आणि पाणीटंचाईही याच काळात असते. त्यामुळे येथील विवाहनियोजनात विधीची वेळ, सावली, पाणी व भोजन यांना सजावटीपेक्षा अधिक महत्त्व आहे. स्थानिक सुती वस्त्रे, मोगऱ्याची फुले, ज्वारीच्या अक्षता आणि मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चार भाषांचा शेजार यांमुळे या लग्नसराईला स्वतःचा असा तोंडवळा लाभला आहे.

लग्नसराईचा काळ

हिंदू विवाहांचा हंगाम तुळशीविवाहानंतर सुरू होतो आणि आषाढ शुद्ध एकादशीला चातुर्मास लागताच थांबतो. या सुमारे आठ महिन्यांपैकी उन्हाळ्याला पसंती मिळण्यामागे शेती व शाळा ही दोन प्रमुख कारणे आहेत. सोलापूर हा प्रामुख्याने रब्बी ज्वारीचा जिल्हा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. त्यानंतर मळणी होऊन धान्य घरात किंवा बाजारात जाते. शेतकऱ्याच्या हाती पैसा आणि मोकळा वेळ एकत्र येतात ते चैत्र-वैशाखातच. मृगाच्या पावसाबरोबर शेतीची कामे पुन्हा सुरू होत असल्याने त्याआधी कार्य उरकण्याकडे कल असतो. शाळांना मे महिन्यात सुट्टी असल्यामुळे पुणे, मुंबई व अन्य शहरांत स्थायिक झालेले नातेवाईक याच काळात गावी येऊ शकतात.

मुहूर्त आणि विधीची वेळ

महाराष्ट्रभर वापरले जाणारे दाते पंचांग सोलापुरातूनच प्रसिद्ध होते. विवाहमुहूर्तांचे दिवस व वेळा पाहण्यासाठी अनेक कुटुंबे त्याचा आधार घेतात. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेली अक्षय तृतीया (वैशाख शुद्ध तृतीया) उन्हाळ्यात येत असल्याने त्या दिवशी कार्यालयांना विशेष मागणी असते.

गुरू किंवा शुक्र यांचा अस्त असताना तसेच अधिक मासात विवाह करू नयेत, असा प्रघात आहे. यामुळे काही वर्षी उन्हाळी हंगाम आखूड होतो. २०२४ च्या मे महिन्यात दोन्ही ग्रहांच्या अस्तांमुळे नेहमीचे मुहूर्त नव्हते. २०१८ आणि २०२६ या वर्षांत अधिक ज्येष्ठ मास मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत येतो. अशा वर्षी उरलेल्या थोड्या तिथींवर गर्दी होते आणि कार्यालय, आचारी व वाजंत्री यांची आगाऊ नोंदणी अनेक महिने आधी करावी लागते.

तिथीइतकाच वेळेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ग्रामीण भागात दुपारी बारा ते एकच्या दरम्यान अक्षता टाकण्याची पद्धत रूढ आहे. लांबच्या पाहुण्यांना सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत जाता यावे, ही त्यामागील सोय होती. परंतु एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे कमाल तापमान वारंवार ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि दुपारचे दोन-तीन तास सर्वांत त्रासदायक ठरतात. त्यावर दोन पर्याय योजले जातात. पहिला सकाळचा मुहूर्त. यात विधी नऊ-दहापर्यंत आटोपून अकराच्या सुमारास पंगती बसतात. दुसरा सूर्यास्तसमयीचा गोरज मुहूर्त. मे महिन्यात सोलापुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. त्यामुळे गोरज मुहूर्तावरील लग्नात पाहुण्यांचा प्रवास उतरत्या उन्हात होतो आणि जेवणे रात्रीच्या गारव्यात पार पडतात. मात्र परतीचा प्रवास रात्री होत असल्याने गावोगावच्या पाहुण्यांसाठी मुक्कामाची किंवा वाहनाची सोय करणे आवश्यक ठरते.

मांडव आणि कार्यालय

लग्नाच्या आदल्या दिवशी आंबा, जांभूळ, उंबर इत्यादी झाडांचे डहाळे आणून मांडवावर घालण्याच्या विधीला मांडवडहाळे म्हणतात. पूर्वी हे डहाळे बैलगाडीतून वाजतगाजत आणले जात. धार्मिक अर्थाबरोबरच त्याला उपयुक्त बाजूही होती. ओल्या पानांच्या आच्छादनाखाली पत्रा किंवा कापड यांच्यापेक्षा गारवा राहतो. आज बहुतेक ठिकाणी कापडी मंडप असला, तरी दारातल्या मांडवावर चार डहाळे घालण्याची रीत टिकून आहे.

मोकळ्या जागेतील मंडप उंच आणि बाजूंनी खुला ठेवल्यास गरम हवा कोंडत नाही. पांढरे किंवा फिकट कापड उष्णता कमी शोषते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर सोसाट्याच्या वाऱ्यासह वळवाचा पाऊस येतो. त्यात मंडप कोसळण्याचा धोका असल्याने खांब, दोर व विजेच्या तारा यांची पक्की बांधणी महत्त्वाची मानली जाते. बंदिस्त मंगल कार्यालय निवडताना वीजपुरवठा खंडित झाल्यास जनित्राची सोय आहे का, तसेच स्वयंपाकघर व पंगतीची जागा हवेशीर आहे का, हे पाहिले जाते.

पाणी

सोलापूर शहराच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य आधार भीमा नदीवरील उजनी धरण आहे. शहरात नळाला पाणी रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून धरण उणे पातळीत गेले होते. त्यामुळे पाण्याचा हिशेब हा येथील विवाहनियोजनाचा पहिला भाग ठरतो.

अर्ध्या दिवसाच्या कार्यासाठी पिण्याचे पाणी माणशी दीड लिटर धरल्यास ५०० पाहुण्यांना ७५० लिटर, म्हणजे २० लिटरचे ३८ जार लागतात. स्वयंपाक, भांडी, हात धुणे व स्वच्छतागृहे यांची गरज त्याहून कितीतरी जास्त असून ती बहुधा टँकरने भागवली जाते. स्टीलची भांडी धुण्यास पाणी लागते, तर प्लास्टिकच्या पात्रांचा कचरा होतो. यावर मधला मार्ग म्हणून पत्रावळी-द्रोण पुन्हा वापरात येत आहेत. प्लास्टिकच्या छोट्या बाटल्यांऐवजी ओल्या कापडाने वेढलेले माठ व रांजण ठेवणे हाही गारव्याचा आणि काटकसरीचा उपाय आहे.

वस्त्रे आणि फुले

वस्त्रोद्योग ही सोलापूरची ओळख आहे. सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. लग्नात मानाच्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी देण्याची ग्रामीण महाराष्ट्रातील पद्धत आणि आहेरात सोलापुरी चादर देण्याची चाल यांमुळे येथील मागाचा आणि लग्नसराईचा थेट संबंध आहे.

भरजरी रेशमी वस्त्रे उन्हाळ्यात अंगावर दीर्घकाळ ठेवणे कठीण जाते. म्हणून पैठणी किंवा शालू केवळ मुख्य विधीपुरता नेसून हळद, सीमांतपूजन व पंगतीसाठी सुती साडी वापरली जाते. शेजारच्या कर्नाटकातील इरकल साडी सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या नेसली जाते. तिचा सुती प्रकार उन्हाळ्यास विशेष अनुकूल आहे. खणाच्या कापडाचा उपयोग चोळीबरोबरच तोरणे, रुखवत व मांडवाच्या सजावटीसाठीही होतो. पुरुषांसाठी सुती धोतर, सदरा आणि फेटा ही पारंपरिक वस्त्रे उन्हात जाड कोटापेक्षा सोयीची ठरतात. फेट्यामुळे डोक्याचे उन्हापासून रक्षणही होते.

मोगरा उन्हाळ्यातच बहरत असल्याने गजरे व हार यांसाठी तो सहज मिळतो. मोगऱ्याचे हार ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून ठेवतात आणि आयत्या वेळी बाहेर काढतात. मुंडावळ्या मात्र न कोमेजणाऱ्या मोत्यांच्या घेण्याकडे कल आढळतो.

भोजन

उन्हाळ्यात दूध व खवा यांचे पदार्थ लवकर नासतात. बासुंदी, रसमलाई यांसारखी पक्वान्ने शीतपेटीची खात्रीशीर सोय असल्याशिवाय टाळली जातात. त्याऐवजी बुंदी, मोतीचूर, जिलेबी किंवा खपली गव्हाची हुग्गी केली जाते. हुग्गी हा सोलापूर व उत्तर कर्नाटकातील लिंगायत घरांतील मानाचा पदार्थ असून तो गरम वाढला जातो. हंगामी आंब्यामुळे आमरस, कैरीची डाळ व पन्हे यांची रेलचेल असते. शेंगा चटणी, कडक भाकरी व भरले वांगे हे रोजच्या जेवणातले पदार्थ अलीकडे लग्नाच्या पंगतीतही आवर्जून वाढले जातात.

पाहुणे येताच गूळ-पाणी, पन्हे किंवा मठ्ठा देणे ही जुनी रीत उन्हाळ्यात उपचारासारखी उपयोगी पडते. पेयात घालायचा बर्फ खाण्यायोग्य असल्याची खात्री करावी लागते. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून लागू आहे. शिजवलेला भात व भाज्या एकदम न करता पंगतींच्या अंदाजाने टप्प्याटप्प्याने केल्यास अन्न नासत नाही आणि वायाही जात नाही.

विविध समाजांतील रीती

ब्राह्मण, मराठा, धनगर आदी समाजांत अंतरपाट, मंगलाष्टके व अक्षता हा विधीचा गाभा असतो. ग्रामीण भागात तांदळाऐवजी रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षताही वापरतात. धान्य पायदळी जाऊ नये म्हणून काही कुटुंबे अलीकडे फुलांच्या पाकळ्या वापरतात. शहराच्या सार्वजनिक जीवनातही अक्षतांना मोठे स्थान आहे. जानेवारीत होणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांचा अक्षता सोहळा हा प्रतीकात्मक विवाहच असून त्यास हजारो लोक उपस्थित राहतात.

विणकामाशी निगडित असलेल्या तेलुगूभाषक पद्मशाली समाजात मुहूर्ताच्या क्षणी वधू-वर एकमेकांच्या मस्तकावर जिरे-गूळ ठेवतात. लिंगायत विवाहात जंगम पौरोहित्य करतात. बौद्ध विवाह त्रिशरण-पंचशील ग्रहण करून, बहुधा शुभ्र वस्त्रांत होतो. त्यात मुहूर्ताचे बंधन नसल्याने सोयीची व थंड वेळ निवडता येते. मुस्लिम समाजात निकाहाची तारीख चांद्र दिनदर्शिका लक्षात घेऊन ठरते आणि रमजानमध्ये विवाह सहसा होत नाहीत. या शेजारामुळे काही घरांच्या लग्नपत्रिका दोन भाषांत छापल्या जातात.

व्यक्तिगत ठसा

विवाह वैशिष्ट्यपूर्ण करण्यासाठी मोठा खर्च अपरिहार्य नसतो. सोलापुरात हातमागावर व्यक्तिचित्रे व नक्षी विणण्याची कला आहे. वधू-वरांची नावे विणलेले भिंतीवरील वस्त्र किंवा रुमाल ही त्यातून सुचणारी भेट होय. ज्वारीची कणसे, कडब्याच्या पेंढ्या, खणाची तोरणे व मातीचे माठ यांची सजावट उन्हात कोमेजत नाही आणि नंतर वापरताही येते. आजीच्या साडीचा अंतरपाट, घरच्या स्त्रियांनी रचलेले उखाणे, रुखवतातील हाताने केलेल्या वस्तू आणि कुटुंबातील पाककृती यांतून त्या घराची ओळख प्रकट होते. दुष्काळी भागात लग्नखर्च अनेकदा कर्ज काढून केला जातो. मानपान व वरातीवरील खर्च आवरून पाहुण्यांची संख्या मर्यादित ठेवणे किंवा सामुदायिक विवाहात सहभागी होणे हे त्यावरील पर्याय आहेत.

आरोग्य

वधू-वर व त्यांचे आईवडील विधी होईपर्यंत उपवास करतात. दुपारच्या लग्नात भारी वस्त्रे, होमाची धग आणि उपवास एकत्र आल्याने चक्कर येण्याचा धोका वाढतो. त्यामुळे पाणी, सरबत व फळे घेण्याची मुभा अनेक घरांत दिली जाते. वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी वारा खेळता असलेली स्वतंत्र खोली राखून ठेवणे हितावह असते. आचारी, वाढपी, वाजंत्री व मंडप उभारणारे मजूर हे सर्वांत जास्त वेळ उष्णतेत असतात. त्यांच्यासाठी विश्रांती व पाण्याची तजवीज हा नियोजनाचाच भाग होय. अंग तापणे, बोलण्यात असंबद्धता येणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीस सावलीत नेऊन ओल्या कापडाने अंग गार करावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

कायदेशीर बाबी

विवाहासाठी वधूचे वय किमान १८ व वराचे किमान २१ वर्षे पूर्ण असणे बंधनकारक आहे. अक्षय तृतीयेच्या सुमारास बालविवाह होण्याची शक्यता लक्षात घेऊन प्रशासन विशेष दक्षता घेते. बालविवाहाची माहिती १०९८ या क्रमांकावर देता येते. विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये विवाह करायचा असल्यास ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागेवर ध्वनिक्षेपक वाजवण्यास मनाई असल्याने गोरज मुहूर्तानंतरची वरात वेळेत आटोपावी लागते.

हेही पाहा

अक्षय तृतीया
दाते पंचांग
उजनी धरण
सोलापुरी चादर
सिद्धेश्वर यात्रा, सोलापूर