त्वचेद्वारे औषधप्रवेश : लेद्यूक ते शीत प्लाझ्मा – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

त्वचेवर लेप लावून रोग बरा करण्याची प्रथा अतिप्राचीन आहे. तथापि लावलेले औषध त्वचेतून खरोखर आत शिरते काय, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातील शास्त्रज्ञांत एकमत नव्हते. आज शीत प्लाझ्माच्या साहाय्याने त्वचा औषधास सुगम करण्याचे प्रयोग होत आहेत. साधन नवे असले तरी त्यामागील प्रश्न जुनाच आहे. त्वचेचे दार उघडताना तिच्या रक्षणकार्याचे काय होते, या दृष्टीने या प्रयत्नांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

लेद्यूक यांचा प्रयोग :

फ्रान्समधील नांत येथील स्तेफान लेद्यूक यांनी १९०० च्या सुमारास दोन ससे एकाच विद्युत् मंडलात जोडले. एकाच्या त्वचेवर धनाग्राखाली स्ट्रिक्नीन सल्फेटचे, तर दुसऱ्याच्या त्वचेवर ऋणाग्राखाली पोटॅशियम सायनाइडचे द्रावण ठेवले. प्रवाह सुरू होताच पहिला ससा आचके येऊन व दुसरा सायनाइडच्या विषबाधेने मेला. प्रवाहाची दिशा उलट केली असता मात्र सशांना कोणताही अपाय झाला नाही. समान विद्युत् भार एकमेकांस दूर लोटतात. त्यामुळे योग्य अग्राखालील आयन त्वचेत ढकलले जातात, हे यावरून सिद्ध झाले. याच तत्त्वावर १९५९ मध्ये गिब्सन व कुक यांनी पायलोकार्पिन त्वचेत नेऊन घामाची चाचणी विकसित केली. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या निदानात ती आजही महत्त्वाची आहे.

त्वचेवरील पट्टी आणि तिची मर्यादा :

त्वचेचा खरा अडसर म्हणजे तिचा सर्वांत बाहेरचा शृंगस्तर. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी सुमारे १० ते २० मायक्रोमीटर असते. मृत पेशी विटांप्रमाणे व त्यांमधील मेद चुन्याप्रमाणे, अशी त्याची रचना आहे. या मेदातून लहान व मेदविद्राव्य रेणूच सहज जातात. त्यामुळेच १९७९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली, कानामागे लावण्याची स्कोपोलामिनची पट्टी यशस्वी ठरली. पुढे नायट्रोग्लिसरीन व निकोटीनच्या पट्ट्याही आल्या. परंतु इन्सुलिनसारखे मोठे रेणू या मार्गाबाहेरच राहिले. २००० मध्ये बॉस व माइनार्डी यांनी ही मर्यादा सुमारे ५०० डाल्टन रेणुभाराची मानली. इन्सुलिनचा रेणुभार सुमारे ५,८०० आहे. रोज सुई टोचून घेणाऱ्या मधुमेही रुग्णाच्या दृष्टीने ही दरी लहान नाही.

शीत प्लाझ्मा :

येथे प्लाझ्मा म्हणजे रक्तद्रव नव्हे, तर आयनीभूत वायू. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये हे नाव रूढ केले. निरोधकाचा अडथळा ठेवून विद्युत् विसर्जन घडविण्याची युक्ती मात्र वेर्नर झीमेन्स यांनी १८५७ मध्येच ओझोननिर्मितीसाठी वापरली होती. अशा विसर्जनात वायूचे तापमान कमी राखता येते. युरोपात २०१३ मध्ये अशा उपकरणांस जखमांवरील उपचारासाठी मान्यता मिळाली. त्याच दशकात जपानमधील शिझुओका विद्यापीठासह काही ठिकाणी डुकराच्या कातडीवर औषधप्रवेशाचे प्रयोग झाले. प्लाझ्मातील क्रियाशील ऑक्सिजन व नायट्रोजन घटक शृंगस्तरातील मेदाच्या रचनेत बदल घडवितात. विद्युत् क्षेत्रही त्यास साहाय्य करते. सुई न टोचता त्वचेची पारगम्यता वाढते, शिवाय पृष्ठभागावरील जंतूही मरतात.

निष्कर्ष :

लेद्यूक यांची वीज औषध व विष यांत भेद करीत नव्हती, तसाच प्लाझ्माने मोकळा केलेला मार्गही करणार नाही. ज्या क्रियाशील घटकांमुळे मार्ग खुला होतो, त्यांचीच मात्रा वाढल्यास जिवंत पेशींस इजा संभवते. म्हणून या तंत्राचे मूल्यमापन केवळ किती औषध आत गेले यावर न करता, त्वचा पुन्हा किती वेळात व किती पूर्णपणे मिटली यावरही व्हावयास हवे. शतकभराच्या या इतिहासाचा हाच बोध आहे.