होडीला हवे पाणी, रोहितांना हवा चिखल

हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन सोडले की पुढचे स्थानक शिवडी. कॉटन ग्रीनच्या पश्चिमेला काळाचौकी आणि अभ्युदयनगरची दाट वस्ती, तर पूर्वेला गोदामांच्या रांगा, मालमोटारींची रहदारी आणि त्यांच्याआड लपलेला समुद्र. या परिसरात राहणाऱ्या अनेकांना आपण समुद्रकाठी राहतो याची आठवण वर्षातून फारशी होत नाही. मात्र हिवाळा सरता सरता शिवडी बंदराच्या धक्क्यावर दुर्बिणी घेतलेली माणसे दिसू लागतात आणि खाडीच्या करड्या चिखलावर कोणीतरी गुलाबी रंगाचा पट्टा ओढावा, तसे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. फ्लेमिंगो, रोहित, अग्निपंख या तिन्ही नावांनी ओळखले जाणारे हे पाहुणे गेली तीन दशके मुंबईकरांच्या ओळखीचे झाले आहेत. त्यांना जवळून पाहण्यासाठी खाडीत होडीच्या सहलीही निघतात. ही सहल करू इच्छिणाऱ्याने प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. होडी चालण्यासाठी पाणी लागते आणि रोहित दिसण्यासाठी चिखल. दोन्ही एकाच वेळी पुरेसे मिळत नाहीत, आणि सहलीची सारी गंमत व साऱ्या अडचणी या एका विसंगतीतून निघतात.

कॉटन ग्रीन हे नावच मुळी समुद्राला मागे सारून मिळालेले आहे. कापसाचे पहिले ‘ग्रीन’ कोटभागात, सेंट थॉमस चर्चच्या समोरच्या मोकळ्या जागेत होते. तेथून कापूसबाजार कुलाब्याला गेला. पुढे १९०८ ते १९१२ या काळात पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी या पट्ट्यात समुद्रात भरणी करून शेकडो एकर नवी जमीन तयार केली आणि १९२०च्या दशकात कापसाचा व्यापार गोदामांसह येथे स्थिरावला. कापूस विनिमय केंद्राची हिरवी इमारत त्या काळाची खूण आहे. भरणी झाली नाही तेवढा किनारा शिवडीपासून माहूलपर्यंत चिखलाचा राहिला. बंदराच्या दृष्टीने तो निरुपयोगी होता. गलबते दुरुस्तीला ओढून ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. पक्ष्यांनी मात्र तोच निवडला. १९९४च्या सुमारापासून रोहित येथे मोठ्या संख्येने येऊ लागले आणि शिवडी–माहूलचा किनारा पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे क्षेत्र म्हणून नोंदला गेला.

येणाऱ्या थव्यांत बहुसंख्य असतात ते धाकटे रोहित. थोरला रोहित उंचीने मोठा, रंगाने फिकट, जवळजवळ पांढरा. धाकटा ठेंगणा, गडद गुलाबी आणि काळसर तांबड्या चोचीचा. दोघेही मान खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळतात. थोरल्याचा भर चिखलातील लहान शिंपले, किडे व झिंग्यांवर असतो, तर धाकट्याची चोच अतिशय बारीक गाळणीसारखी असून तिच्यातून सूक्ष्म शेवाळे गाळले जाते. या शेवाळ्यातील रंगद्रव्यच पिसांना गुलाबी करते. पिल्लू जन्मते तेव्हा राखाडी असते. ठाणे खाडीत हे शेवाळे मुबलक का, याचे उत्तर मुंबईकराला फारसे अभिमानास्पद वाटणार नाही. शहराचे सांडपाणी खाडीत येते, त्यातील पोषक द्रव्यांवर शेवाळे फोफावते आणि त्यावर रोहितांची मेजवानी चालते, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. याचा अर्थ घाण वाढली तर पक्षी वाढतील असा नाही. एका मर्यादेपलीकडे पाण्यातील प्राणवायू संपतो, विषारी द्रव्ये साचतात आणि तीच खाडी पक्ष्यांना जगवेनाशी होते. ती मर्यादा नेमकी कोठे आहे, यावर या साऱ्या वैभवाचे भवितव्य अवलंबून आहे.

हे पक्षी सैबेरियातून येतात असा समज अजूनही ऐकू येतो. रोहितांचे भारतातील प्रमुख वीणक्षेत्र कच्छच्या रणात आहे. तेथील ‘फ्लेमिंगो सिटी’ला सालिम अलींनी १९४५ मध्ये भेट देऊन तेथील प्रचंड वसाहतीची नोंद केली होती. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने ठाणे खाडीतील काही रोहितांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. त्यांतील एकाचे नाव पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलाली यांच्या स्मरणार्थ ‘हुमायून’ ठेवले होते. पावसाळ्यात तो खाडी सोडून गुजरातेत भावनगरकडे गेला. सैबेरिया व मध्य आशियातून येतात ते रोहितांच्या पायांशी घुटमळणारे लहान पक्षी: चिखल्या, तुतारी, पाणटिवळे. होडीतील प्रवाशांचे लक्ष गुलाबी रंगावर खिळलेले असते, त्यामुळे हजारो मैल उडून आलेल्या या मातकट पाहुण्यांकडे सहसा कोणी पाहत नाही.

आता होडीविषयी. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्या क्षेत्राचा विस्तार ६,५२१ हेक्टर आहे. वन विभागाच्या कांदळवन कक्षाने ऐरोली येथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उभारले असून पर्यटकांसाठी होडीच्या फेऱ्या तेथून सुटतात. भांडुप उदंचन केंद्राच्या बाजूनेही होड्या निघत आल्या आहेत. या होड्यांवर बहुधा खाडीकाठच्या कोळीवाड्यांतील माणसे असतात. मासळी कमी झालेल्या खाडीत त्यांना मिळालेले हे नवे काम आहे आणि चिखलाची, पाण्याची, गाळाच्या बदलत्या उंचवट्यांची जाण त्यांच्याइतकी कोणत्याही नकाशाला नाही.

फेऱ्यांची वेळ रोज बदलते, याचे शहरी पर्यटकांना नवल वाटते. सकाळी दहाची फेरी उद्या दहाला का नाही, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर घड्याळात नाही, पंचांगात आहे. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात; म्हणजे साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, पावणेदोनच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. खाडीत आत ऐरोलीपर्यंत पाणी पोहोचायला आणखी थोडा वेळ लागतो, एवढी दुरुस्ती करून घेतली की हा हिशेब आजही कामाला येतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, त्या दिवसांत चढउतार मंद असतो.

पूर्ण ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो. पक्षी त्यावर दूरवर पांगतात आणि होडी मधल्या प्रवाहाबाहेर जाऊ शकत नाही. गेली तर रुतून बसते आणि पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते. पूर्ण भरतीला होडी हवी तिथे जाते, पण चिखल बुडालेला असल्याने पक्षीच नसतात. उपयोगाचा काळ उरतो तो मधला. पाणी चढू लागले की रोहित पाण्याच्या पुढे पुढे सरकत एकत्र येतात, थवा दाट होतो आणि त्याच वेळी होडीखाली पुरेसे पाणी येते. जाणकार नाखवा हाच मुहूर्त साधतो. शिवडीच्या धक्क्यावरून पाहणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे, फक्त तेथे होडीचे भाडे पडत नाही. चढते पाणी पक्ष्यांना काठाकडे ढकलते आणि उघड्या डोळ्यांनाही ते दिसू लागतात.

भरती पूर्ण झाली की हे हजारो पक्षी जातात कोठे? होडीतून परतताना हा प्रश्न क्वचितच कोणाला पडतो, आणि सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. पूर्ण भरतीचे दोन-तीन तास त्यांना विसाव्यासाठी उथळ पाणथळ जागा लागतात. भांडुपचे तलाव, नवी मुंबईत नेरूळ व सीवूड्सच्या बाजूची तळी, उरणकडील पाणथळ ही त्यांची विश्रांतिस्थाने. अभयारण्याची सीमा खाडीपुरती आहे. विसाव्याच्या बहुतेक जागा तिच्याबाहेर आहेत आणि त्यांच्यावर घरबांधणीची, रस्त्यांची, भरावाची नजर आहे. २०२४च्या एप्रिलमध्ये नेरूळच्या डीपीएस तलावाच्या परिसरात मृत व जखमी रोहित सापडले. तलावात भरतीचे पाणी येण्याचा मार्ग अडल्याने तो कोरडा पडला, असे पर्यावरणप्रेमींचे म्हणणे होते. त्याच वर्षी २० मेच्या रात्री दुबईहून मुंबईत उतरणाऱ्या विमानाची धडक घाटकोपरजवळ रोहितांच्या थव्याला बसली आणि सुमारे चाळीस पक्षी मेले. एका विसाव्याची जागा गेली की थवा दुसरी शोधत शहरावरून उडतो. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये उलव्याजवळ नवी मुंबई विमानतळाचेही उद्घाटन झाले आहे, म्हणजे विमानांची वाट आता खाडीच्या दोन्ही बाजूंना आहे.

शिवडीचा चिखलही पूर्वीसारखा मोकळा राहिलेला नाही. शिवडीहून न्हावाशेव्याच्या दिशेने जाणारा सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याचा प्रारंभ याच चिखलावरून होतो. बांधकामाच्या वर्षांत धक्क्यावर जाणे अवघड झाले होते आणि पुष्कळ पक्ष्यांनी खाडीत आत, ऐरोली-भांडुपकडे, मुक्काम हलवला. २०१९ च्या गणनेत मुंबई परिसरातील रोहितांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. आकडा मोठा आहे, पण धाकटा रोहित जगाच्या हिशेबात धोक्याच्या उंबरठ्यावर असलेल्या जातींत गणला जातो. एवढी मोठी गर्दी एकाच खाडीवर विसंबलेली असणे हे सुखाचे लक्षण नव्हे.

समुद्रपक्षी पाहण्याची मुंबईकरांची जुनी सवय मात्र वेगळीच आहे. घारापुरी किंवा मांडव्याच्या बोटीत बसले की हिवाळ्यात कुरवांचा थवा मागे लागतो आणि प्रवासी त्यांच्याकडे शेव-गाठ्या उडवतात. हवेत झेलणारे पांढरे पक्षी छायाचित्रात छान दिसतात. तेलकट, खारट खाणे त्यांच्या पोटाला मानवणारे नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच घारापुरीच्या मार्गावर प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून अनेकांचे प्राण गेले. जीवरक्षक जाकीट अंगावर चढवताना ‘पाणी तर शांत आहे’ म्हणणाऱ्यांनी तो दिवस आठवावा. तेव्हाही समुद्र खवळलेला नव्हता.

बेटांवर जाऊन समुद्रपक्षी पाहायचे तर महाराष्ट्रात सिंधुदुर्ग गाठावा लागतो. वेंगुर्ल्याच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर १८७५ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी भेट देऊन तेथील पक्ष्यांची नोंद केली होती. सुरय तेथे घरटी करतात आणि गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे. लाळेने बांधलेल्या त्या घरट्यांची एकेकाळी चोरून विक्री होत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ती उजेडात आणून त्यांच्या रक्षणाचे काम केले. अशा बेटांवर पर्यटकांनी उतरावे का, हा खरा प्रश्न आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील फार्न बेटांवर सील आणि समुद्रपक्षी पाहण्यासाठी वर्षानुवर्षे होड्या जातात. तेथे उन्हाळ्यात उतरणाऱ्यांना टोपी घालण्याचा सल्ला मिळतो, कारण घरट्यांवरचे सुरय डोक्यावर चोच मारतात. २०२२ मध्ये पक्ष्यांत बर्ड फ्लू पसरला तेव्हा बेटांवर उतरणे बंद करण्यात आले; होड्या लांबून फेरी मारून परतत राहिल्या. उतरणे बंद करूनही सहल चालू ठेवता येते, हे त्यातून दिसले.

सील आपल्याकडे नाहीत. थंड पाण्याचे ते प्राणी. त्यांची हौस कोकणात डॉल्फिनवर भागवली जाते. हर्णै-मुरूड, तारकर्ली येथील होड्या पाठीवर वशिंड असलेल्या डॉल्फिनच्या मागे धावतात आणि कधी कधी चार-पाच होड्या एका कळपाला घेरतात. ठाणे खाडीतील फेरीत याउलट इंजिन आधीच मंद करून होडी वाहत्या पाण्याबरोबर सोडण्याची पद्धत चांगली. थव्यातील कडेच्या पक्ष्यांनी खाणे थांबवून माना वर केल्या, की होडी पुरेशी जवळ आली आहे असे समजावे. त्यापुढे गेल्यास थवा उडतो. प्रवासी टाळ्या वाजवतात, पंखांखालचा लाल-काळा रंग झळकतो, दृश्य खरोखर देखणे असते. पण ओहोटीच्या मोजक्या तासांत पोट भरायला आलेल्या पक्ष्याचा त्यात वेळ जातो आणि पुढची फेरी अर्ध्या तासात निघणार असते.

हंगाम साधारण नोव्हेंबरअखेरीपासून मेअखेरपर्यंत. फेब्रुवारी ते एप्रिल हा भराचा काळ. ऐरोलीच्या फेरीसाठी आधी नोंदणी करावी आणि वेळ त्यांनी दिलेलीच घ्यावी. दुर्बीण, टोपी, पाण्याची बाटली एवढे पुरे. शिवडीला जायचे तर स्थानकाच्या पूर्वेला उतरून धक्क्याचा रस्ता धरावा. निघण्यापूर्वी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी पाहून तिची पाऊणपट करावी आणि भरतीच्या दोन-अडीच तास आधी धक्क्यावर पोहोचावे.