मॉरिशस : वाहतूक

मॉरिशसच्या मुख्य बेटाचे आकडे मोजायला सोपे. व्यापारी बंदर एकच, पोर्ट लुई; आंतरराष्ट्रीय विमानतळही एकच, आग्नेयेकडील प्लेझान्सचा. २०१९ मध्ये सुमारे १३.८ लाख पर्यटक आले, म्हणजे लोकसंख्येहून जास्त! करोनाने सीमा बंद झाल्या नि २०२० मध्ये हा आकडा तीन लाखांच्या आसपास घसरला.



रस्त्यांची कथा निराळी. १८६४ मध्ये सुरू झालेली, ऊस-साखर वाहणारी रेल्वे १९६४ मध्ये पुरती बंद पडली आणि सारा भार बस-मोटारींवर आला. निर्णय महागात पडला, असेच म्हणावे लागेल. जानेवारी २०२० पासून पोर्ट लुई ते रोझ हिल मेट्रो धावू लागली. ती बांधली लार्सन अँड टुब्रोने.