कन्सोलचं कुलूप आणि किल्लीचे पैसे

व्हिडिओ गेम कन्सोल म्हणजे शेवटी एक कॉम्प्युटरच. मग पीसीत बाजारातली कुठलीही हार्ड डिस्क चालते आणि कन्सोलला मात्र कंपनीचीच लागते, हे असं का? यासाठी थोडं मागे जायला हवं.

१९८३ साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कुणीही उठावं आणि गेम काढावा अशी स्थिती होती, दुकानं टाकाऊ गेम्सनी भरली होती. त्याच वर्षी निन्टेन्डोने जपानात फॅमिकॉम आणला, त्यात कुलूप नव्हतं. १९८५ मध्ये त्याचाच अवतार एनईएस नावाने अमेरिकेत आला, तेव्हा आत एक जास्तीची चिप होती. तिची जोडीदार प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये. दोघींनी एकच आकड्यांची माळ एकाच वेळी म्हणायची. ताल चुकला की कन्सोल रीसेट, पुन्हा रीसेट.. गंमत म्हणजे कन्सोलमधल्या चिपची चौथी पिन कापली की कुलूप निकामी आणि गेम व्यवस्थित चालू! म्हणजे खेळायला त्या चिपची काडीचीही गरज नव्हती. गेम कुणी काढायचे, वर्षाला किती काढायचे, हे निन्टेन्डोच्या हातात राहावं म्हणून ती होती.

हे कुलूप निदान गेम्सना होतं. पुढे ते सुट्या भागांनाही लागलं.

नोव्हेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आला. हार्ड डिस्कशिवाय ३०० डॉलर, डिस्कसकट ४००. नंतर वेगळी घ्यायची तर २० जीबीला १०० डॉलर. ६४ एमबीचं (हो, एमबीच!) मेमरी युनिट ४० डॉलरला. आणि त्या महागड्या डब्यात काय? लॅपटॉपची साधी अडीच इंची साटा डिस्क. फक्त तिच्या एका सेक्टरमध्ये कंपनीची डिजिटल सही. सही नाही, तर डिस्क चालणार नाही.

२००९ मध्ये एका अपडेटने इतर कंपन्यांची मेमरी युनिट्स बंद पाडली. डेटेल ही ब्रिटिश कंपनी २ जीबीचं युनिट विकत होती, ती कोर्टात गेली. मग एप्रिल २०१० मध्ये आणखी एक अपडेट आलं आणि साधा यूएसबी पेनड्राइव्ह चालायला लागला. पोर्ट तेच, २००५ पासूनचं! मर्यादा १६ जीबी.

चोरी थांबवायला हे लागतं, असं कंपन्या म्हणतात. गेमची सही तपासणं मी समजू शकतो. पण गेमचा कोड सहीशिवाय चालतच नसेल, तर तो कुठल्या डिस्कवर पडलाय याने काय फरक पडतो? सोनीच्या पीएस३ मध्ये २००६ पासून साधी लॅपटॉप डिस्क बसवता यायचीच की. अर्थात सोनीही काही धुतल्या तांदळाची नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत व्हिटा आला तेव्हा त्याचं खास ३२ जीबी कार्ड १०० डॉलरचं होतं. साधं मायक्रोएसडी त्याहून कितीतरी स्वस्त, पण ते चालायचं नाही.

२०२० च्या नव्या एक्सबॉक्सलाही खास कार्ड, तेव्हा १ टीबीला २२० डॉलर पडायचे. पीएस५ मात्र सप्टेंबर २०२१ पासून बाजारातली एसएसडी घेतो (पुरेशी वेगवान हवी, एवढंच).

असो. कन्सोल घेताना आपण फक्त डब्याची किंमत पाहतो. सोबत एवढं विचारावं: जागा संपली तर पुढचा भाग कुणाकडून घ्यावा लागेल? उत्तरात एकच नाव आलं, तर खरी किंमत अजून कळायची आहे.